टाळ्यांच्या आधीची हाक

मास्तर, परवा तुमचे दिवस झाले. मी आदल्या दिवशीच झरीला येऊन राहिले होते. का, ते तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर बाई उन्हातून आली असेल म्हणतील.

डहाणू रोडला दुकानात दुपारी आता कोणी येत नाही. मोबाइलची कव्हरं, चार्जर, स्क्रीनवर काच चिकटवून घेणारी पोरं, सगळी संध्याकाळी येतात. दुपार तुमची होती. तलासरीकडच्या झरीहून यायचात, काउंटरच्या आत स्टुलावर बसायचात आणि पिशवीतून धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली सीडी काढायचात. चहा आला तरी सीडी बाजूला ठेवल्याशिवाय कपाला हात लावायचा नाहीत. काल चहावाल्याने सवयीने दोन कप ठेवले. मी दोन्ही प्यायले.

तुमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुम्हाला रमण मास्तर म्हणून आठवलं. पाढे कसे घ्यायचे, पावसात ओढा भरला की पोरांना खांद्यावरून कसे पलीकडे न्यायचे, हे सगळं निघालं. सगळं खरंच आहे. पण तुमच्या घराच्या ओट्यावर बसलेल्यांत एकाच्याही तोंडून जॅझ हा शब्द निघाला नाही. मास्तरांना इंग्रजी बाजाच्या चकत्यांचा नाद होता, एवढंच गावाला ठाऊक. वहिनीसुद्धा ‘यांच्या चकत्या’च म्हणतात. कंपन्या एकच चकती किती वेळा नव्याने काढतात, आणि तीच ती मास्तर पुन्हा पुन्हा का मागवतात, हे फक्त मला माहीत होतं.

पहिल्या दिवशीची गोष्ट तुम्ही कोणाला सांगितली असेल असं वाटत नाही. तेव्हा दुकान नुकतंच माझ्याकडे आलं होतं आणि वडिलांच्या कॅसेटी अजून भिंतीवर होत्या. एका वाडीवाल्या शेटच्या घरची माणसं कायमची परदेशी गेली आणि जाताना त्यांच्या बंगल्यातलं सीडींचं खोकं आमच्याकडे टाकून गेली. सगळं जॅझ. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी फक्त कुठली अडकते ते बघायला एकेक लावत होते. तुम्ही शाळेच्या गॅदरिंगसाठी नाचाची गाणी शोधत होतात. सॅक्सोफोनवाल्याने एक लांब सूर धरला, तो बारीक होत होत विरला आणि क्षणभर सगळं गप्प झालं. त्या शांततेत गर्दीतून कोणीतरी हाक मारली. शब्द नव्हता. दोनच स्वर होते, दुसरा पहिल्याच्या खाली उतरणारा, रानातून मारतात तशी. मग टाळ्या सुरू झाल्या.

तुम्ही म्हणालात, “बेन, परत लाव.” मी लावलं. तुम्ही आणखी तीनदा लावायला सांगितलंत आणि गॅदरिंगची गाणी न घेताच गेलात. सीडी मात्र नेलीत.

पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलंत ते असं. तुमचा मोठा भाऊ लखमा. तुम्ही दोघं डोंगरावर शेरडं न्यायचात, आणि घरी निघायची वेळ झाली की तो वरून अशी हाक द्यायचा. तुमच्यासाठी, शेरडांसाठी आणि खाली घरात आईसाठी, तिघांसाठी एकच. आई दारातून ओ द्यायची. मग दादा चिकूच्या वाडीवर कामाला लागला. शेटच्या ओळखीने मुंबईला गेला आणि तिथून एका परदेशी बोटीवर, भटारखान्यात. दोनदा पैसे आले. मग एक दिवस शेटचा माणूस झरीला आला आणि म्हणाला, तुमचा लखमा बोटीवर नाही. रात्री होता, सकाळी नव्हता. मधे नुसता समुद्र. तुम्ही तेव्हा चौथीत होतात. देह मिळाला नाही म्हणून आईने त्याचे दिवस घालू दिले नाहीत, ते कधीच घातले नाहीत.

सीडीच्या पाठीवर ते रेकॉर्डिंग कुठे आणि कधी झालं ते छापलेलं होतं. परदेशातल्या, उत्तरेकडच्या एका बंदराच्या शहरातला क्लब होता. आणि शेटचा माणूस झरीला आला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातलं ते रेकॉर्डिंग होतं.

मी त्याच वेळी म्हटलं होतं की मास्तर, दारू प्यालेला माणूस जगात कुठेही असा ओरडतो. तुम्ही म्हणालात की असेल. आणि पुढच्या आठवड्यात विचारायला आलात की ह्याच कार्यक्रमाची दुसरी आवृत्ती निघाली आहे का.

तिथून आपल्या दोघांचं शिक्षण सुरू झालं. एकच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा बाजारात येतं, त्याला रीइश्यू म्हणतात. दर वेळी कोणी मूळ टेप नव्याने साफ करतं. कोणी नुसती खरखर काढतं, कोणी खोकणारे-शिंकणारेही काढून टाकतं. पहिली साफ केलेली आवृत्ती मी मुंबईच्या एका जुन्या दुकानदाराकडून मिळवली. तुम्ही हेडफोन लावून डोळे मिटले. सूर विरला, शांतता आली आणि लगेच टाळ्या झाल्या. मध्ये काहीच नव्हतं. तुम्ही हेडफोन काढून काउंटरवर ठेवलात. मला वाटलं, तुम्ही यातून सुटलात. पण तुम्ही म्हणालात, “आधी समुद्राने नेला. आता हे पुसतायत.”

त्यानंतर तुम्ही एकही आवृत्ती सोडली नाहीत. जपानची आली, तिच्या डबीला उभी कागदी पट्टी होती, ती फाटू नये म्हणून तुम्ही नख न लावता गरम वाफेवर प्लास्टिक सोडवलंत. जपान्यांनी काहीच पुसलं नव्हतं. हाक होती आणि हाकेच्या आधी एक खुर्ची सरकल्याचा आवाजही होता, जो पहिल्या सीडीत नव्हता. तुम्ही म्हणालात, उभा राहिला तो. मी म्हटलं, क्लबात खुर्च्या असतातच. मग एक आवृत्ती आली, तिच्यात हाक डाव्या कानात होती, आधी ती उजव्यात असायची. तुम्ही म्हणालात, जागा बदलली. मी तुम्हाला कागदावर काढून दाखवलं, मायक्रोफोन कुठे असतील, टेप दोन असतील, एकात डावं-उजवं उलटं झालं असेल. तुम्ही वर्गातल्या पोराचं ऐकावं तसं नीट ऐकून घेतलंत आणि डबी पुन्हा फडक्यात गुंडाळलीत.

आपलं खरं भांडण एकदाच झालं. मी म्हटलं, “मास्तर, तो दादा असेल तर तो बुडाला नाही. मग तो घरी का आला नाही?” मला वाटलं होतं की ह्या एका प्रश्नाने तुमचा नाद सुटेल. तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत आणि म्हणालात, “तू आवाज ऐक, बेन. प्रश्न माझ्याकडे राहू दे.” दोन महिने तुम्ही आला नाहीत. मला तो प्रश्न विचारल्याचा पस्तावा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. कोणीतरी विचारायलाच हवा होता. आलात तेव्हा तुम्ही दुसरीच कुठलीतरी सीडी घेऊन आलात, नुसत्या पियानोची. म्हणालात, ह्यात हाक नाही, पण बघ. डाव्या हाताने तो चालतो कसा ते ऐक, थकलेला माणूस चढ चढतो तसा.

तुम्ही हाकेसाठी आलात आणि बाजात राहिलात. म्हटलं तर हे तुम्ही मला दिलेलं देणं आहे. लग्न नाही, मूल नाही, दुपारभर दुकानात एकटी बसणारी बाई मी. तुम्ही मला ड्रमवर ब्रश फिरतो तो ऐकायला शिकवलंत, तुसाचं भात सुपात घोळावं तसा. खर्जातला मोठा बास वाजवणारा कोणाच्या लक्षात न येता सगळ्यांना कसा उचलून नेतो, ते शिकवलंत. तुमच्या लोखंडी कपाटात इतक्या चकत्या जमल्या, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून तुम्ही प्रत्येक खणात कोळशाच्या पुरचुंड्या ठेवायचात आणि डोळ्यांवर भिंग लावून चकतीच्या खालच्या चकचकीत कडेवर कोरलेले बारीक आकडे वाचायचात, ही अमुक कारखान्यातली, ही तमुक. त्यातल्या पंधरा-वीसच हाकेच्या होत्या. बाकीच्या सगळ्या तुम्ही बाजासाठी घेतल्या. तारपा वाजवणारा आणि सॅक्सोफोनवाला दोघं सारखेच असं मी एकदा हौसेने बोलले, तर चिडलात. म्हणालात, तारपा वाजतो तेव्हा माणसं एकमेकांच्या कमरेला धरून फिरतात, हा एकटा उभा राहून वाजवतो. दोन्ही चांगलं आहे, एक म्हणू नकोस.

मग भूकंपाचे धक्के सुरू झाले. तुमच्या पट्ट्यात तो हिवाळा लोकांनी अंगणात काढला. घर हलायच्या आधी खालून आवाज यायचा, डंपरने खडी ओतावी तसा, आणि मग भांडी वाजायची. डहाणूला आम्हाला तो आवाज पोचत नव्हता, नुसता पंखा झुलायचा. त्याच दिवसांत संपूर्ण आवृत्तीचं पार्सल माझ्या पत्त्यावर आलं. कुठल्यातरी रेडिओच्या गोदामात मूळ टेप सापडली होती आणि त्या संध्याकाळचं सगळं, वाजवणं थांबल्यानंतरचंसुद्धा, त्यांनी जसंच्या तसं काढलं होतं. तुम्हाला फोन लागेना, म्हणून मी स्कूटर घेऊन झरीला आले.

उन्हं कलली होती. आंब्याखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली धान्याच्या कोठ्या, आणि कोठ्यांना टेकून तुमचं लोखंडी कपाट. घरातून कपाट आधी बाहेर काढलं म्हणून शेजारी हसत होते. वहिनी मुलीच्या बाळंतपणाला रानशेतला गेल्या होत्या. खाटेवर आई होत्या, दोन्ही डोळे गेलेल्या, तोंडाशी जाऊन ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणाऱ्या. त्यांना तुम्ही ती हाक कधीच ऐकवली नव्हती. त्या दिवशीही ऐकवायची नव्हती. तुम्ही म्हणालात, तिला कुठे ऐकू येणार. आणि सेल घालून प्लेयर लावलात, कारण घरात जायला दोघंही भीत होतो.

सूर विरला. शांतता आली. खुर्ची सरकली. हाक आली.

आईंनी मान उचलली आणि ओ दिली. वरच्या डोंगराला पोचेल अशी मोठी, ठणठणीत, आजारी बाईची नव्हेच. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “किती वेळ केलास. भात निवला.” आणि पुन्हा पडल्या.

टाळ्या वाजून संपल्या तरी आपण दोघं हललो नाही. पुढे टेप चालूच होती. पेले, पावलं, बाज आवरल्याचे आवाज. आणि मग, कोणाचंही लक्ष नसताना, तीच हाक पुन्हा आली. ह्या वेळी अगदी मायक्रोफोनशी, हळू, अर्ध्यातच तुटलेली, आणि तिच्यामागे एक श्वास. हे कुठल्याच आवृत्तीत नव्हतं. बरोबर त्याच वेळी खालून खडी ओतल्यासारखा आवाज आला आणि कपाटातल्या चकत्या दात वाजावेत तशा वाजल्या. मी स्कूटर तिथेच सोडून रस्त्यापर्यंत पळाले होते, हे तुम्ही नंतर मला चिडवायला वापरलंत.

आई पावसाळ्याआधी गेल्या. तुम्ही म्हणालात, आई खोटी ओ देईल का. मी म्हटलं, मास्तर, त्या हल्ली कोंबड्यालाही ओ देत होत्या. हा वाद तिथेच राहिला. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. तुम्ही ती सीडी लावणं बंद केलंत. कारण विचारलं तेव्हा आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून म्हणालात, “तो सरकतोय, बेन. तीच चकती. पण आदल्या वेळी होता त्यापेक्षा जवळ.” मी म्हटलं, चकतीवर जे आहे ते आहे, ते सरकत नाही, तुमचे कान म्हातारे झाले. तुम्ही हसलात. पण चकती कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात गेली, आणि नंतरची दोन वर्षं आपण फक्त बाज ऐकला. ती माझी सगळ्यात चांगली वर्षं होती.

शेवटचे आलात तेव्हा तुम्ही दाढी केली होती आणि शाळेत घालायचात तो पांढरा शर्ट घातला होता. म्हणालात, ठरवलं. दादाचे दिवस घालून टाकायचे. तो बुडाला असो नाहीतर तिकडे राहिलेला असो, आता त्याला सोडायला हवं. आई असेपर्यंत जमलं नसतं, आता कोण अडवतं. भगताशी बोलणंही झालं होतं. त्याआधी फक्त एकदा ऐकणार होतात, निरोप घ्यायला. मी म्हटलं, दुकानात ऐका, मी आहे. तुम्ही नको म्हणालात. तो घरी येतो तर घरीच ऐकावं.

वहिनी भाताच्या खळ्यावरून दुपारी घरी आल्या तेव्हा तुम्ही खुर्चीत होतात. हेडफोन कानाला, हनुवटी थोडी वर. त्यांना वाटलं ऐकताय, म्हणून त्यांनी पाणी प्यायलं, पदराने वारा घेतला, आणि मग हाक मारली. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. तुमचं वय, तुमचा दम, सगळं बघता ते पटण्यासारखं आहे. प्लेयरमध्ये तीच चकती होती.

आता मी आदल्या दिवशी का आले ते सांगते. वहिनींनी निरोप पाठवला. ओट्यावर भगत बसला होता, तुमचे चुलतभाऊ बसले होते, आणि प्रश्न असा पडला होता की मास्तरांचे दिवस घालतोच आहोत तर लखमाचेही बरोबर घालावेत, मास्तरांची इच्छाच होती. सगळ्यांना ते बरोबर वाटत होतं. वहिनींनाही वाटत होतं. फक्त त्या म्हणाल्या, “बेन, तो आवाज तुला माहीत. मला सांग, तो मेलेल्याचा आहे का जिवंताचा?”

मास्तर, मी काय सांगणार होते? मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडत आले की तो तुमचा भाऊच नाही. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही स्वतः ऐका. त्यांनी तो कधीच ऐकला नव्हता. संसारभर त्या तुमच्या खोलीत झाडू मारायला गेल्या आणि बाज लागला की बाहेर पडल्या. दिराला तर त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्या घरात आल्या तेव्हा तो जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

आम्ही दोघीच आत बसलो. सकाळची वेळ होती, दारातून ओट्यावरच्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. तुमची खुर्ची कोणी वापरत नव्हतं, मीही खाली बसले. हेडफोन काढून टाकला आणि आवाज खोलीत सोडला. सॅक्सोफोन वाजत असताना वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूर विरला. हाक आली.

वहिनींचे हात थांबले. मग त्या तुमच्या खुर्चीकडे बघून साध्या आवाजात म्हणाल्या, “हे तर हेच.”

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकून म्हणाल्या की हा यांचा आवाज आहे. लग्न झालं त्या वर्षी नाचणीच्या शेतावरून हे अशीच हाक द्यायचे. पुढे मुलं झाली, मास्तरकी वाढली, मग बंद केलं. पण हा यांचाच, तरणेपणचा. त्या चुकत नव्हत्या, मास्तर. आपल्या माणसाचा तरणा आवाज बाई विसरत नाही. मी घाबरत त्यांना सांगितलं, वहिनी, हे रेकॉर्डिंग तुमच्या लग्नाच्या आधीचं आहे. तेव्हा मास्तर झरीच्या शाळेत पोर होते. आणि मास्तर मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत.

बोलता बोलताच मला कळत गेलं. तुम्ही स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता, कोणीच ऐकत नाही. ती हाक तुमच्या घराण्याच्या गळ्यातली होती. भावाचा गळा तुमच्यात उतरला होता, आणि तो ओळखायला जिने भावाला कधी पाहिलंच नाही अशी बाई लागली. म्हणजे तुम्ही जिंकलात. तो लखमाच होता. तो बुडाला नव्हता. त्या हिवाळ्यात तो जिवंत होता, कोरड्या उबेत बसला होता, बाज ऐकत होता. घरी का आला नाही, ते तुम्हाला आता माहीत असेल. मला नाही.

हे सगळं वहिनींना माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं, उठल्या आणि डोक्यावर पदर ओढून घेतला, थोरल्या दिरासमोर घेतात तसा, कपाळापर्यंत. प्लेयरकडे तोंड न करता, जरा तिरप्या उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, पुन्हा लाव, आणि हाक झाली की थांबव.

मी थांबवलं. खोलीत काहीच आवाज राहिला नाही.

वहिनी म्हणाल्या, “दादा, तुमचा भाऊ गेला. खळ्यावर होते मी. त्रास झाला नाही.” पुढे म्हणाल्या, “आईही गेल्या. तुमचे दिवस आम्ही घालत नाही. तुम्ही असाल तिथे असा.”

मग मला मानेने खूण केली. मी बटण दाबलं, आणि टाळ्या वाजायला लागल्या. ते मला सहन होईना. त्या शहरातली माणसं त्या खोलीत, तुमच्या रिकाम्या खुर्चीभोवती, टाळ्या पिटत होती. मी बंद करायला हात पुढे केला तर वहिनींनी मनगट धरलं. टाळ्या संपल्या. पेले, पावलं, बाज आवरल्याचे आवाज. मग ती दुसरी हाक आली, मायक्रोफोनजवळची, अर्ध्यात तुटलेली. मागे तो श्वास. आणि श्वासानंतर तो माणूस रडत होता.

मास्तर, ते आधी तिथे नव्हतं. आंब्याखाली आपण दोघांनी ती जागा ऐकली होती, तुम्हीही सांगाल. तिथे श्वासच होता, पुढे शांतता होती. चकतीवर जे असतं ते असतं, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं.

वहिनींनी पदर नीट केला, सूप उचललं आणि तांदूळ घेऊन चुलीकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “पोचलं त्यांना.”